बायडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी तंत्रज्ञान कंपन्यांवर लिहायला लागलो तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न अलीबाबाबद्दल येतील असं वाटलं होतं. येतात ते बायडूबद्दल. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. विषयाशी नवी ओळख असेल तर वरून सुरुवात करा. भारतातल्या बंदीबद्दल विचारायला आला असाल तर थेट प्रश्न १३ गाठा.

१. बायडू म्हणजे नेमकं काय? ‘चीनचं गूगल’ म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण ते अर्धंच खरं आहे. जानेवारी २००० मध्ये बीजिंगमध्ये सुरू झालेली ही कंपनी प्रामुख्याने चिनी भाषेतल्या सर्चसाठी ओळखली जाते आणि तिची मुख्य कमाई वर्षानुवर्षं सर्चच्या जाहिरातींतून होत आली. नकाशे, भाषांतर, क्लाउड, चालकाविना टॅक्सी, एआय चॅटबॉट हे सगळं गूगलसारखंच तिच्याकडेही आहे. आयछीयी ही व्हिडिओ कंपनी तिच्याच पंखाखाली वाढली आणि २०१८ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात वेगळी नोंदली गेली.

फरक दोन. गूगलकडे अँड्रॉइड आहे, म्हणजे जगातल्या बहुतेक फोनची किल्ली आहे. बायडूकडे तसं काही नाही. आणि गूगल जगभर चालतं, तर बायडूचा जवळजवळ सगळा धंदा एकाच देशात आहे. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या दोन गोष्टींत सापडेल.

२. नावाचा अर्थ काय? आणि उच्चार ‘बैदू’ की ‘बायडू’?

शब्दशः अर्थ ‘शंभर वेळा’. सोंग काळातला कवी शिन छीची (११४०–१२०७) याच्या एका कवितेतून तो घेतला आहे. कंदिलांच्या सणाची रात्र आहे, रस्त्यावर तुडुंब गर्दी आहे, आणि कवी कुणाला तरी शोधतो आहे. शेकडो-हजारो वेळा शोधून झाल्यावर सहज मागे वळून बघतो, तर ती व्यक्ती दिवे मंदावलेल्या कोपऱ्यात उभी! सर्च कंपनीला याहून चांगलं नाव मिळणं अवघड आहे. चिनी शाळकरी मुलांनाही ही ओळ ठाऊक असते, त्यामुळे नावाची वेगळी जाहिरात करावी लागली नाही.

उच्चाराचं म्हणाल तर मराठी माणसाला इथे इंग्रजांपेक्षा बरं जमेल. चिनीत तिथे येतो तो ‘प’ आणि ‘त’च्या जवळचा, महाप्राण नसलेला आवाज: ‘पाय-तू’. इंग्रजी कानाला तो ‘ब’ आणि ‘ड’ वाटतो. तरी आपल्याकडे ‘बायडू’ रुळलं आहे, म्हणून इथेही तेच ठेवलं.

३. ही कंपनी कोणी काढली?

रॉबिन ली (चिनी नाव ली यानहोंग) आणि एरिक शू (शू योंग) या दोघांनी. शू २००४ च्या अखेरीस बाहेर पडले. ली अजूनही प्रमुख आहेत.

लींचा जन्म १९६८ मध्ये शान्शी प्रांतातल्या यांगछुआन या कोळशाच्या खाणींच्या गावचा. बीजिंग विद्यापीठात ते माहिती व्यवस्थापन शिकले, म्हणजे साध्या भाषेत ग्रंथालयशास्त्र. पुढे अमेरिकेत बफेलो इथे संगणकशास्त्रात एमएस केलं, न्यू जर्सीत वित्तीय माहिती पुरवणाऱ्या डाऊ जोन्सच्या एका कंपनीत आणि मग कॅलिफोर्नियात इन्फोसीक या सर्च कंपनीत नोकरी केली. १९९९ च्या अखेरीस परतले ते बीजिंगच्या झोंगग्वानछुन भागात, आपल्याच विद्यापीठाजवळच्या एका हॉटेलात खोल्या घेऊन काम सुरू करायला.

४. ‘गूगलने सर्चची कल्पना बायडूच्या मालकाकडून उचलली’ असा फॉरवर्ड येतो. खरं आहे का?

अर्धसत्य, म्हणूनच टिकून आहे. न्यू जर्सीतल्या नोकरीत असताना, १९९६ मध्ये, लींनी ‘रँकडेक्स’ नावाची पद्धत तयार केली. एखाद्या पानाची योग्यता त्या पानातल्या शब्दांवरून न ठरवता, इतर पानं त्याच्याकडे किती लिंक देतात आणि त्या लिंकवर कोणते शब्द आहेत, यावरून ठरवायची. पेटंटसाठी अर्ज १९९७ मध्ये झाला, मंजुरी १९९९ मध्ये मिळाली. लॅरी पेज यांच्या पेजरँकचा अर्ज १९९८ चा, आणि त्यात लींच्या पेटंटचा उल्लेख आहे. इथवर फॉरवर्ड बरोबर.

पण दोन्ही पद्धती एक नाहीत. रँकडेक्स शिफारशी मोजतं. पेजरँक शिफारस करणाऱ्याचं वजनही मोजतं, आणि त्या वजनासाठी त्याची शिफारस कोणी केली हेही बघतं. गावातल्या दहा जणांनी डॉक्टरचं नाव सुचवणं आणि एका जुन्याजाणत्या डॉक्टरने सुचवणं, यात फरक असतो तसाच हा. मूळ कल्पना दोघांचीही स्वतःची म्हणता येणार नाही. कोणता शोधनिबंध किती जणांनी उद्धृत केला यावरून त्याची किंमत ठरवायची रीत ग्रंथालयशास्त्रात आधीपासून होती. लींनी नेमकं तेच शिकलेलं होतं.

५. सुरुवातीला कमाई कशातून होती?

फारशी नव्हतीच. आधी १२ लाख डॉलर आणि सप्टेंबर २००० मध्ये आणखी १ कोटी डॉलर अशी गुंतवणूक मिळाली होती. बायडू तेव्हा स्वतःची वेबसाइट चालवत नव्हती. सोहू, सिना यांसारख्या चिनी पोर्टलना ती पडद्यामागून सर्च पुरवायची. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर ही गिऱ्हाइकं पैसे देईनाशी झाली.

२००१ मध्ये लींनी संचालकांपुढे प्रस्ताव ठेवला: स्वतःचं सर्चपान काढू आणि शब्दांचा लिलाव करू. जो दुकानदार प्रत्येक क्लिकमागे जास्त बोली लावेल, त्याचं नाव वर. संचालकांचा विरोध होता, कारण ज्यांच्याकडून थोडेफार पैसे येतात त्या पोर्टलशीच भांडण होणार होतं. लींनी हट्ट सोडला नाही. पुढची वीस वर्षं कंपनी त्या हट्टावर जगली. तिची सर्वांत मोठी बेअब्रूही त्यातूनच झाली (प्रश्न ९).

६. २००५ मध्ये शेअर एका दिवसात चौपट झाला होता म्हणतात. आणि त्यात गूगलचा वाटा होता?

दोन्ही खरं. ५ ऑगस्ट २००५ रोजी नॅसडॅकवर बायडूची नोंदणी झाली. शेअरची किंमत ठरली होती २७ डॉलर, आणि दिवसअखेर तो १२२.५४ डॉलरवर बंद झाला. म्हणजे चौपटीहून जास्त. गूगलचा स्वतःचा शेअर आदल्याच वर्षी बाजारात आला होता. ‘हे पुढचं गूगल’ म्हणून लोक तुटून पडले.

गूगलने २००४ मध्ये सुमारे ५० लाख डॉलर देऊन २.६ टक्के हिस्सा घेतला होता. नोंदणीच्या वेळी बायडूने भागांची अशी विभागणी केली की संस्थापकांच्या आणि जुन्या भागधारकांच्या एका भागाला दहा मतं मिळावीत. कोणी बाहेरून गिळू नये म्हणून ही तटबंदी होती, आणि तेव्हा तो ‘कोणी’ कोण असू शकतो हे सगळ्यांना माहीत होतं. २००६ मध्ये गूगलने हिस्सा विकला, सुमारे ६ कोटी डॉलरला. नफा उत्तम झाला, पण चीनमध्ये पाय रोवायची ती वाट बंद झाली.

७. खरं सांगा, सरकारने गूगलला हाकललं म्हणूनच बायडू वाढलं ना?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच विचारलेला असतो.

तारखा बघू. सप्टेंबर २००२ मध्ये चीनमध्ये गूगल काही दिवस बंद होतं आणि लोक देशी पर्यायांकडे वळवले गेले. जानेवारी २००६ मध्ये गूगलने चीनसाठी गाळणी लावलेली, म्हणजे सरकारला नको ते वगळणारी, वेगळी आवृत्ती काढली. जानेवारी २०१० मध्ये, सायबर हल्ल्यानंतर, यापुढे गाळणी लावणार नाही असं जाहीर केलं आणि मार्चमध्ये चिनी वापरकर्त्यांना हाँगकाँगच्या पानाकडे वळवलं. म्हणजे ‘हाकललं’ हा शब्द नेमका नाही. अटी अशा होत्या की राहणं अशक्य झालं, असं म्हणा.

पण गूगल निघालं तेव्हा बायडूचा बाजारहिस्सा आधीच निम्म्याहून बराच जास्त होता आणि गूगलचा साधारण तृतीयांश. चार वर्षं दोघे समोरासमोर लढले आणि बायडू पुढे होतं. परदेशी साइट अडवणाऱ्या सरकारी भिंतीचा फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. माझं मत विचाराल तर भिंतीने बायडूला जिंकवलं नाही, जिंकल्यानंतर सुस्त केलं. तृतीयांश बाजार एका रात्रीत मोकळा झाला आणि सर्च सुधारण्याची निकड संपली. त्याची किंमत प्रश्न ९ आणि १० मध्ये दिसते.

८. मग गूगल समोर असताना लोक बायडू का वापरत होते?

पहिलं कारण भाषा. चिनी लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ज्यांनी मोडी कागद वाचले आहेत त्यांना ही डोकेदुखी लगेच कळेल: एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे वाचणाऱ्याने ठरवायचं. यंत्राने तोडायची जागा चुकवली की भलतंच काहीतरी सापडतं. बायडूने या तोडणीवर सुरुवातीपासून मेहनत घेतली.

दुसरं कारण कमी सोज्वळ आहे: फुकट गाणी. बायडूच्या एमपी३ सर्चमधून हवं ते गाणं थेट उतरवता यायचं. संगीत कंपन्यांनी वर्षानुवर्षं खटले लढवले, तडजोड झाली ती २०११ मध्ये युनिव्हर्सल, वॉर्नर आणि सोनीशी करार होऊन.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चिनी भाषेत शोधण्याजोगा मजकूरच कमी होता, तेव्हा बायडूने तो लोकांकडून लिहवून घेतला. २००३ मध्ये ‘तिएबा’ आलं: कोणताही शब्द टाका, त्या विषयाचा कट्टा तयार. २००५ मध्ये प्रश्नोत्तरांचं ‘झिदाओ’, २००६ मध्ये ‘बायके’ हा ज्ञानकोश. सर्चमध्ये वर काय येणार? अर्थातच आपल्याच घरचं. मराठीत वेबवर मजकूर कमी म्हणून आपण हळहळतो. तिथे एका कंपनीने त्या कमतरतेचंच भांडवल केलं.

९. वैद्यकीय जाहिरातींचं प्रकरण काय होतं?

लिलावाचा नियम साधा होता: जास्त पैसे, वरची जागा. बोली सर्वांत जास्त कोण लावणार? ज्याला एका गिऱ्हाइकामागे भरपूर सुटतं तो, म्हणजे खासगी दवाखाने. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी वाहिनी सीसीटीव्हीने दाखवलं की परवाना नसलेले वैद्यकीय जाहिरातदारही बायडूवर वरच्या जागा विकत घेत आहेत. शेअर कोसळला, माफी झाली, आणि २००९ मध्ये जुनी लिलावपद्धत बदलून ‘फीनिक्स नेस्ट’ ही नवी प्रणाली आली. पण उत्पन्नातला दवाखान्यांचा वाटा मोठाच राहिला.

एप्रिल २०१६ मध्ये २१ वर्षांचा एक विद्यार्थी दुर्मीळ कर्करोगाने गेला. बायडूवर सापडलेल्या बीजिंगमधल्या एका रुग्णालयात त्याने महागडे उपचार घेतले होते, आणि ते निरुपयोगी निघाल्याचं त्याने मरणापूर्वी स्वतः लिहून ठेवलं होतं. देशभर संताप उसळला. सरकारने चौकशी केली आणि एका पानावर जाहिराती ३० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, त्यांच्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा, क्रम नुसत्या पैशांवर ठरवू नका, असे आदेश दिले.

दुसरं चांगलं सर्च इंजिन समोर असतं तर लोक तिकडे गेले असते. ते तिथे नव्हतं.

१०. अलीबाबा आणि टेन्सेंट इतके पुढे गेले, बायडू मागे का राहिलं?

एके काळी तिघांना मिळून ‘बॅट’ म्हणायचे, इंग्रजी आद्याक्षरांवरून. आज बाकीचे दोघे बायडूच्या कित्येक पट आहेत.

सर्च इंजिन उघड्या वेबवर जगतं, आणि चीनमध्ये उघडी वेबच आटत गेली. २००८ मध्येच अलीबाबाच्या ताओबाओने बायडूला आपली पानं वाचायला मनाई केली, त्यामुळे खरेदीसाठीचा शोध तिकडेच सुरू होऊन तिकडेच संपायला लागला. पुढे टेन्सेंटच्या वीचॅट या गप्पांच्या अ‍ॅपमधला मजकूर वीचॅटच्या भिंतीआड, लहान व्हिडिओ टिकटॉकवाल्या बाइटडान्सकडे. अँड्रॉइडसारखं दार हातात नसल्याने (प्रश्न १) बायडू बाहेर राहिलं.

धडपड केली, नाही असं नाही. २०१३ मध्ये ‘९१ वायरलेस’ हे अ‍ॅप-दुकान सुमारे १९० कोटी डॉलरला घेतलं. फोन कंपन्यांनी आपापली दुकानं काढल्यावर त्याचं महत्त्व उरलं नाही. २०१५ मध्ये ‘नुओमी’ या सवलत-कूपनांच्या सेवेत तीन वर्षांत २० अब्ज युआन ओतण्याची घोषणा झाली. जेवण घरपोच देण्याचा धंदा २०१७ मध्ये प्रतिस्पर्ध्याला विकून टाकला. २०१९ च्या पहिल्या तिमाहीत कंपनीने नोंदणीनंतरचा पहिला तिमाही तोटा दाखवला.

११. एआयकडे बायडू कधी वळलं? चॅटजीपीटी आल्यावर का?

उलट, फार आधी. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या लेक टाहो इथे एआय संशोधक जेफ्री हिंटन आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांची चिमुकली कंपनी लिलावात निघाली. बोली लावणारे चौघे: गूगल, मायक्रोसॉफ्ट, डीपमाइंड आणि बायडू. बोली ४.४ कोटी डॉलरला पोचली आणि हिंटन यांनी गूगलची निवड केली. बायडू हरलं; पण जगातल्या बहुतेक कंपन्यांना हा लिलाव कशाचा चालला आहे हेही कळलं नसतं.

महिन्याभरात बायडूने डीप लर्निंगची, म्हणजे भरपूर माहितीवरून यंत्राला शिकवण्याच्या पद्धतीची, स्वतःची संस्था काढली. मे २०१४ मध्ये स्टॅनफर्डचे अँड्रयू इंग मुख्य शास्त्रज्ञ म्हणून आले आणि मार्च २०१७ पर्यंत राहिले. ‘डीप स्पीच’ ही बोलणं ओळखणारी प्रणाली या काळातली. २०१६ मध्ये ‘पॅडलपॅडल’ ही प्रोग्रामरांसाठीची चौकट सर्वांना खुली केली. २०१७ च्या अखेरीस बायडूच्या संशोधकांनी दाखवलं की माहिती वाढवत नेली की मॉडेलच्या चुका किती कमी होतील याचा आधीच अंदाज बांधता येतो. आज सगळं एआय जग याच हिशेबावर पैसा लावतं आहे.

डागही आहे. २०१५ मध्ये चित्रं ओळखण्याच्या ‘इमेजनेट’ स्पर्धेत बायडूच्या चमूने मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वेळा चाचणी देऊन गुण वाढवल्याचं उघड झालं. वर्षभराची बंदी आली आणि चमूच्या प्रमुखाला काढण्यात आलं.

१२. इतकं आधी सुरू करूनही ‘अर्नी’ मागे का? डीपसीक कसं पुढे गेलं?

अर्नी हे बायडूचं भाषेचं एआय मॉडेल २०१९ चं. त्याच वर्षाअखेर ‘ग्लू’ या भाषाचाचणीत नव्वदीपार जाणारं ते पहिलं ठरलं. चॅटबॉट मात्र १६ मार्च २०२३ रोजी दाखवला गेला, तोही आधी चित्रित केलेल्या प्रात्यक्षिकातून. लोक प्रत्यक्ष बघायला जमले होते. कार्यक्रम चालू असतानाच हाँगकाँगमध्ये शेअर गडगडला. सामान्यांना तो मिळाला ३१ ऑगस्टला, सरकारी मंजुरीनंतर.

लींचं ठाम म्हणणं होतं की मॉडेल बंदिस्त ठेवणंच शहाणपणाचं, खुली (कोणालाही उतरवून वापरता येणारी) मॉडेलं मागे पडतील. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी एआय कंपनीने खुलं मॉडेल देऊन धुमाकूळ घातला. फेब्रुवारीत बायडूने आपल्याच सर्चमध्ये डीपसीक जोडलं, मार्चमध्ये अर्नी फुकट केलं, ३० जूनला अर्नी ४.५ खुलं केलं. चार-पाच महिन्यांत पूर्ण घूमजाव.

माझ्या मते अडचण बुद्धीची नव्हती, गल्ल्याची होती. चॅटबॉटने एकच नेमकं उत्तर दिलं तर बाजूच्या दहा जाहिरातींवर क्लिक कोण करणार? २०२४ चं एकूण उत्पन्न १३३.१ अब्ज युआन, आदल्या वर्षीपेक्षा थोडं कमीच. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत जाहिरातींचं उत्पन्न १५ टक्क्यांनी घसरलं, कारण सर्चच्या पानावर आता एआयची उत्तरं दिसतात. स्वतःच्या हाताने स्वतःचा गल्ला रिकामा करायला धैर्य लागतं. बायडूने ते उशिरा आणि नाइलाजाने दाखवलं. क्लाउड आणि ‘कुनलुन’ ही स्वतःची चिप यांवर आता भिस्त आहे. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे स्वतःची चिप असणं ही चैन उरलेली नाही.

१३. भारतात बायडू चालतं का? मराठीत शोधता येतं का?

जून २०२० मध्ये भारताने बंदी घातलेल्या ५९ चिनी अ‍ॅपमध्ये बायडूचे नकाशे आणि भाषांतराचं अ‍ॅप होतं. त्याआधी जेमतेम सहा महिने, जानेवारीत, ली आयआयटी मद्रासच्या ‘शास्त्र’ महोत्सवात भाषण करून भारतीय संस्थांसोबत काम करण्याची इच्छा व्यक्त करून गेले होते. गलवाननंतर तो विषयच संपला.

मराठी शोधासाठी बायडूचा उपयोग नाही. ते चिनी मजकुरासाठी बनलं आहे. पुण्या-मुंबईत चिनी शिकणारे विद्यार्थी विचारतात, त्यांना एवढंच सांगेन: बायडूच्या ‘बायके’ या ज्ञानकोशावरची माहिती दुसरीकडे ताडून बघितल्याशिवाय वापरू नका. राजकीय विषयांवर तर नाहीच.

१४. ती चालकाविना टॅक्सी खरंच रस्त्यावर आहे की व्हिडिओपुरती?

रस्त्यावर आहे. ‘अपोलो’ प्रकल्प एप्रिल २०१७ चा. त्या जुलैमध्ये ली स्वतः अशा गाडीत बसून बीजिंगच्या पाचव्या रिंगरोडवरून परिषदेला निघाले, थेट प्रक्षेपण झालं, आणि नियम तोडल्याबद्दल पोलिसांची चौकशी मागे लागली. आजच्या सेवेचं चिनी नाव ‘लुओबो ख्वायफाओ’, म्हणजे ‘मुळ्या, पळ जोरात’!

ऑगस्ट २०२२ मध्ये वुहान आणि छोंगछिंगमध्ये गाडीत माणूस न बसवता भाडं घ्यायची परवानगी मिळाली. २०२४ च्या उन्हाळ्यात स्वस्त भाड्यांमुळे वुहानच्या टॅक्सीचालकांनी पोटावर पाय आल्याची तक्रार केली. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत चालकाविना २२ लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या. त्याच ऑगस्टमध्ये छोंगछिंगला एक गाडी प्रवाशासकट बांधकामाच्या खड्ड्यात पडली. दुबईशी आणि उबरशी करार झाले आहेत. प्रश्न ७ मधल्या भिंतीची मदत तिथे मिळणार नाही, म्हणून मला या धंद्याचं कुतूहल जास्त आहे.

१५. शेअर घेतला तर चिनी कंपनीचा मालकी हिस्सा मिळतो का?

सरळ अर्थाने नाही. नॅसडॅकवर आणि मार्च २०२१ पासून हाँगकाँगमध्ये विकला जातो तो केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीचा शेअर. चीनमध्ये इंटरनेट सेवेच्या परवान्यांवर परकीय मालकीचे निर्बंध असल्याने परवाने वेगळ्या देशी कंपन्यांकडे असतात आणि केमनची कंपनी करारांच्या दोऱ्यांनी त्यांना बांधून ठेवते. अलीबाबाचंही तसंच. घ्यावा की नाही हे मी सांगत नाही, कृपया विचारू नका.

१६. बायडू सेन्सॉर करतं, तर तिच्यावर कोणी खटला का भरत नाही?

भरला होता, आणि तोही अमेरिकेत. चिनी कायद्याप्रमाणे गाळणी लावणं तिथल्या प्रत्येक सर्च इंजिनला बंधनकारक आहे. २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या लोकशाहीवादी लेखक आणि चित्रफीतकारांनी तक्रार केली की आमचं लेखन बायडू अमेरिकेतल्या शोधांतूनही वगळतं. मार्च २०१४ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने खटला फेटाळला. कारण असं दिलं की सर्चमध्ये काय दाखवायचं आणि काय गाळायचं हा संपादकीय निर्णय आहे, आणि त्याला अमेरिकी राज्यघटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे.